सीमाभागातल्या पुरातत्त्वाच्या डिजिटल नोंदी: जपायच्या कशा, द्यायच्या कुणाला?

पलाशिका

मंडळी, धागा लांबणार आहे, सवडीनं वाचा.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, सौंदत्ती या पट्ट्यात वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड), सतीशिळा, शिलालेख, जुनी देवळं यांच्या नोंदी ठेवणारी हौशी मंडळी आता पुष्कळ झाली आहेत. शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, राजहंसगड-भीमगडाला जाणारी तरुण पोरं आहेत. काम मनापासून चाललंय. पण हे काम आहे कुठं? कुणाच्या फोनमध्ये, कुणाच्या हार्ड डिस्कवर, आणि बाकीचं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. तिथं टाकलेल्या फोटोचा आकार घटतोच, शिवाय फोटोच्या पोटातली तारीख आणि ठिकाणही पुसलं जातं. दोन वर्षांनी तोच फोटो फिरत परत आपल्याकडे येतो, तेव्हा खाली कुणीतरी भलत्याच गावाचं नाव लिहिलेलं असतं.

माझं म्हणणं असं की ठिकाण, तारीख आणि नोंदवणाऱ्याचं नाव नसेल, किंवा अभ्यासकाला ती मिळायची सोय नसेल, तर ती नोंद झालीच नाही असं धरावं.

पुरातत्त्वात हे जास्त गंभीर आहे, कारण खणलेला थर परत घालता येत नाही. बेळगाव शहरातल्या वडगाव-माधवपूरचंच बघा. सत्तरच्या दशकात कर्नाटक विद्यापीठाच्या डॉ. ए. सुंदर यांनी तिथं उत्खनन केलं आणि सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. आज तिथं गेलात तर गल्ल्या, घरं, मागांचा आवाज. ती वस्ती आता उरलीय ती वह्यांत, आराखड्यांत, निगेटिव्हमध्ये आणि खापरांच्या पेट्यांत. गावोगावच्या पांढरीच्या टेकाडांचंही (जुन्या वस्तीच्या मातीच्या उंचवट्यांचंही) तेच. माती शेतात नाहीतर वीटभट्टीत जाते, आणि टेकाडाची पाहणी कुणी केली असेल तर तिचा कागद तेवढा मागं राहतो.

दुसरी अडचण खास आपल्या भागाची. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात, नंतर म्हैसूर राज्यात. त्यामुळे माहिती चार गावी विखुरली. जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पहिलाच हंगाम १८७४ साली बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांत घालवला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड १८८४ चा. हलशीचे कदंब राजांचे ताम्रपट फ्लीट या इंग्रज अभ्यासकांनी ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापले. मलप्रभेच्या खोऱ्यातल्या अश्मयुगावर र. वि. जोशींनी आणि वरच्या कृष्णेवर पप्पूंनी काम केलं, दोघेही पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे. कन्नड शिलालेखांचं बरंचसं वाचन धारवाडला झालं. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) आपण सगळ्यांनी पाहिली आहे. रट्ट घराण्यातल्या चौथ्या कार्तवीर्य राजाच्या काळातली, १२०४ सालची. तिच्या दानाचे शिलालेख आहेत लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये. खानापूर तालुक्यावर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीनं किती ठिकाणी फिरायचं?

छापील अहवाल निदान स्कॅन होऊन नेटवर आले. दीडशे वर्षांपूर्वीचा बर्जेस घरबसल्या वाचता येतो, आणि २००८ साली आपल्याच माणसानं काढलेले नंदगड भागातले फोटो मागितले तर “डिस्क उघडत नाही” असं उत्तर येतं. ही तफावत मला फार लागते.

म्हणून इथं विचारतोय. नोंदी कुठल्या स्वरूपात ठेवाव्यात, कायमच्या कुठं ठेवाव्यात, आणि नेमकं ठिकाण उघड करावं का? ज्यांना यातलं कळतं त्यांनी मोकळेपणानं लिहा.

खडेबाजार

पलाशिका सर, फार गरजेचा विषय काढलात. मी शहापुरात बरीच वर्षं डीटीपी केलं. लग्नपत्रिका, यात्रेची पत्रकं, संस्थांचे अहवाल, आणि मधूनमधून इतिहासाच्या अभ्यासकांच्या टिपणांचं टंकलेखनही. आजाराचं मूळ मला तिथं दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या काळात मराठी मजकूर श्रीलिपीत, आणि त्याच पानावरचा कन्नड उतारा नुडीत किंवा बरहात. हे जुने फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतांचे, नव्हते. अक्षर ‘ब’ दिसायचं, पण संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षर किंवा एखादं चिन्ह असायचं. तो फॉन्ट मशीनवर असेल तोवर पान सुंदर दिसतं. नसेल तर सगळ्या फायलीत डॉलरची चिन्हं, कंस आणि तुटक रोमन अक्षरं. अभ्यासक दगावला, घरच्यांनी संगणक विकला, सीडी तेवढी कपाटात राहिली, अशा फायली माझ्याकडे लोक घेऊन आलेले आहेत. मजकूर आत शाबूत असतो, पण वाचायची किल्ली हरवलेली असते.

यावर मी काय करतो ते सांगतो. आधी मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवायची, तिला हात लावायचा नाही. कुठला फॉन्ट, त्याची कुठली आवृत्ती, कुठलं सॉफ्टवेअर, हे साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून शेजारी ठेवायचं. जुनं मशीन चालू असेपर्यंत फॉन्ट आत घालून पीडीएफ काढायची, म्हणजे पान दिसायला तरी कायम राहील. मग कन्व्हर्टरनं युनिकोड करायचं आणि मूळ पानाशी ओळ न् ओळ ताडायची. कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारात चुकतात. ‘कार्तवीर्य’ नावातच दोन रफार आहेत, तिथं गफलत झाली की नंतर शोधताना तो राजाच सापडत नाही. आकडे तर तिनदा तपासा, कारण काही फॉन्टमध्ये मराठी आकडे वेगळ्याच कळीवर बसवलेले असायचे. शकाचा एक आकडा बदलला तर लेख शंभर वर्षं मागंपुढं जातो.

कुणाकडे अशा सीडी-फ्लॉपी असतील तर मला निरोप पाठवा. जुने फॉन्ट मी जपून ठेवलेत. पैसे नकोत.

निपाणीची_ऋचा

काका, तुमचं हे ऐकून बरं वाटलं. मी पुण्यात पुरातत्त्व शिकते, घर निपाणीत.

खडेबाजार काकांनी जे सांगितलं तसंच इंग्लंडमध्ये घडलेलं आहे. लंडनच्या न्यूहॅम भागातला पुरातत्त्व विभाग १९९८ च्या सुमाराला बंद पडला आणि उत्खननांचा डेटा फ्लॉपींच्या ढिगाच्या रूपात यॉर्कच्या ‘आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस’कडे आला. बऱ्याच फायली उघडता आल्या, पण कुठली फाइल कुठल्या खणतीची आणि त्यातली चिन्हं म्हणजे काय, हे कुठं लिहिलेलंच नव्हतं. त्यामुळे उघडलेल्या फायलींचाही पुरता उपयोग होईना. ही सर्व्हिस १९९६ पासून चालू आहे. तिथलं कुणालाही फुकट वाचता येतं, आणि जतनाचा खर्च डेटा ठेवणाऱ्या प्रकल्पाकडून एकदाच घेतात. अमेरिकेत ‘टीडार’ आणि ‘ओपन कॉन्टेक्स्ट’ ही अशीच भांडारं आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय स्मारक व पुरावस्तू अभियान २००७ पासून आहे. त्यांच्या नोंदींचे रकाने जरूर बघा, आपले त्यांच्याशी जुळते ठेवले तर पुढं सोपं जाईल.

आपल्यासारख्यांना आज लगेच जमण्यासारखं म्हणजे झेनोडो, संशोधनाच्या फायलींचं ऑनलाइन भांडार. जिनिव्हाच्या सर्न संस्थेनं २०१३ साली सुरू केलेलं, वापरायला फुकट, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फायली बसतात. प्रत्येक संचाला डीओआय मिळतो, म्हणजे कायमचा क्रमांक. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी त्या क्रमांकावरून फाइल सापडते, आणि प्रबंधात तुमच्या नावानं संदर्भ देता येतो.

स्वरूपाचं म्हणाल तर तक्ता सीएसव्हीत (कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा साधा तक्ता), मजकूर युनिकोड साध्या फाइलीत, मूळ फोटो कॅमेऱ्यातून आला तसा, आणि मोठ्या संचासाठी टिफ (दर्जा न घटवता फोटो ठेवणारी फाइल). एक्सेलमध्ये काम केलं तरी चालेल, पण सावध राहा. थराचा किंवा खड्ड्याचा क्रमांक ‘३-४’ असा टाकला की एक्सेल त्याची ३ एप्रिल करून टाकतं, आणि एकदा जतन झालं की मूळ आकडा परत मिळत नाही. तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा. त्रिमिती मॉडेल करणाऱ्यांनी नुसतं मॉडेल ठेवू नये. सॉफ्टवेअर जातं, फोटो राहतात. पन्नास-साठ फोटोंचा मूळ संच असेल तर उद्या दुसरं कुणीही नव्यानं मॉडेल बांधेल.

अजून एक. सर्वेक्षण खात्याच्या जुन्या नकाशांवरून (आपला बहुतेक भाग ४८-आय आणि ४७-एल या पत्रकांत येतो) अक्षांश-रेखांश काढले असतील तर तसं लिहा. ते नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या एव्हरेस्ट नावाच्या जुन्या मापनावर आहेत आणि फोन डब्ल्यूजीएस-८४ या नव्या मापनावर. दोन्ही आकडे एकाच रकान्यात मिसळले तर देऊळ ओढ्याच्या पलीकडं जाऊन बसतं.

घटप्रभा

मी बी हेच करूलोय की ओ, पण तारखेचं महत्त्व आत्ता कळालं. हिडकलच्या धरणात बुडालेलं विठ्ठलाचं देऊळ हाय न्हवं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतंय. आम्ही पोरं दर उन्हाळ्याला जाऊन फोटो काढतोय. सगळे फोटो एकाच फोल्डरात, नावं ‘हिडकल१’, ‘हिडकल२’. फोन बदलताना कॉपी केले तर सगळ्यांची तारीख एकच दिसायली. आता कुठला फोटो कुठल्या साली, काय कळंना.

निपाणीची_ऋचा

घटप्रभा दादा, फोल्डरात दिसते ती कॉपी केल्याची तारीख. फोटोच्या आतली मूळ तारीख बहुधा शाबूत असेल. फोटोच्या ‘डिटेल्स’मध्ये एक्झिफची माहिती उघडून बघा. ती मिळाली तर फाइलीचं नाव ‘साल-महिना-दिवस-ठिकाण-क्रमांक’ असं करून टाका, साल पुढं असलं की फायली आपोआप क्रमानं लागतात. आणि दादा, हे फोटो फार मोलाचे आहेत. दरवर्षी तेच देऊळ त्याच कोनातून टिपलं असेल तर पाण्यानं कुठला दगड कधी हलला, सांधा कधी उघडला, हे सालवार सांगता येईल. असा संच कुठल्याही खात्याकडे सहसा नसतो. शक्य असेल तर यंदा फोटोत एक मोजपट्टी किंवा रंगवलेली काठी ठेवा.

गावठाण

सगळं ठीक आहे, पण मला यातली एक गोष्ट अजिबात पटत नाही, ती म्हणजे सगळं उघडं करणं. आमच्या गावाशेजारी माळावर एक जुनं देऊळ आहे, गाभाऱ्यात काही उरलेलं नाही. एका हौशी माणसानं नकाशावरच्या खुणेसकट माहिती टाकली. त्या पावसाळ्यानंतर आम्ही गेलो तर नंदीखाली माणूस उतरेल एवढा खड्डा. गुप्तधनाच्या नादानं आलेले लोक. नंदी कलंडला तो अजून तसाच आहे. संशोधनासाठी म्हणून तुम्ही माहिती देता, पण वाचणारा संशोधकच असेल याची खात्री कोण देणार?

आणि गावातले वीरगळ ही आमच्याकडं नुसती पुरावस्तू नाही. दसऱ्याला त्यांना नारळ फुटतो. फोटो काढताना, नेटवर टाकताना गावाला विचारायची पद्धत कुणी पाळत नाही.

पलाशिका

गावठाण, तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे आणि या धाग्यात तो यायलाच हवा होता. नोंदी देणं आणि ठिकाण उघडं करणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. परदेशातली भांडारंही नाजूक जागांचं नेमकं ठिकाण झाकून ठेवतात.

आपल्यासाठी सोपा मार्ग असा. अक्षांश-रेखांशाचे दशांश स्थळानंतरचे आकडे कमी करायचे. पाच आकडे दिले तर माणूस मीटरभराच्या अंतरावर येऊन उभा राहतो, दोनच दिले तर एक-सव्वा किलोमीटरचा अंदाज मिळतो. अभ्यासकाला वीरगळांचा प्रसार नकाशावर मांडायला दोन आकडे पुरतात, चोराला पुरत नाहीत. नेमक्या जागांची फाइल वेगळी, बंद ठेवायची. झेनोडोवर फाइल अशी मोजक्या लोकांपुरती ठेवायची सोय आहे. कुणी विद्यार्थी मागेल तर कोण, कुठला, कशासाठी हे विचारून द्यायची. किल्ल्यातल्या बस्तीसारख्या सर्वांना ठाऊक असलेल्या, राखण असलेल्या जागांना हे लागू नाही. माळावरच्या, रानातल्या, गाभाऱ्यात मूर्ती असलेल्या जागांना मात्र कटाक्षानं लागू. फोटो खुल्या संचात टाकण्याआधी त्यातलंही ठिकाण काढून टाकायचं, नाहीतर तक्त्यात झाकलेलं फोटोतून बाहेर पडतं. मूळ प्रत अर्थातच बंद फाइलीसोबत राहील.

गावाला विचारण्याबद्दल: आपल्या नोंदीत ‘परवानगी’ असा रकानाच ठेवू. कुणाशी बोललो, म्हणजे पुजारी, पंच की जमीनमालक, आणि ते काय म्हणाले. नको म्हणाले तर नोंद आपल्यापाशी राहील, नेटवर जाणार नाही. २०१६ साली मांडलेली ‘फेअर’ तत्त्वं डेटा सापडावा, मिळावा, जुळावा, पुन्हा वापरता यावा असं सांगतात. त्यांच्या जोडीला २०१९ साली ‘केअर’ तत्त्वं आली, ती मूळनिवासी समाजांच्या बाजूनं विचारतात की या माहितीवर हक्क कुणाचा आणि फायदा कुणाला. आपल्या गावांनाही हा प्रश्न विचारायचा तितकाच अधिकार आहे.

नव्या मंडळींना जाता जाता सांगतो, लेख वाचायला म्हणून दगडावर पीठ, खडू, तेल काही फासू नका. सकाळी किंवा उन्हं कलताना तिरप्या प्रकाशात फोटो घ्या, अंधार असेल तर बॅटरी कडेनं धरा. खापर दिसलं तर फोटो काढा, खिशात घालू नका. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते हलवायचा आपल्याला हक्क नाही.

चिकोडीचे_मास्तर

दोन मुद्दे मांडतो.

पहिला नावांचा. देगाव, देगावे, देगांवी हे एकच, कमलनारायणाच्या देवळाचं गाव. हलशीला जुन्या लेखांत पलाशिका. सौंदत्ती मराठीत, कन्नडमध्ये सवदत्ती, शिलालेखात सुगंधवर्ती. बेळगावचं सरकारी नाव २०१४ पासून बेळगावी. संगणकाला यातलं काही ठाऊक नसतं, मराठीत शोधणाऱ्याला कन्नड नोंद सापडत नाही आणि उलटही. म्हणून नावाचे रकाने चार करा: मराठी, कन्नड, जुन्या इंग्रजी कागदांतलं, आणि लेखातलं. माहीत नसेल तो रिकामा राहू द्या. कोण कुठलं नाव बरोबर मानतो यावर इथं वाद नको. चारही नावं असली की चारही वाटांनी माणूस नोंदीपाशी पोचतो. कन्नड बाजू मी आनंदानं भरून देईन. हळेकन्नड (जुन्या कन्नडमधल्या) लेखांसाठी धारवाडच्या अभ्यासकांची गाठ घालून देतो. आपल्यातले कित्येक जण मराठीत टिपण लिहितात आणि दगड कन्नडमध्ये बोलत असतो. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळूनच हे करायला हवं.

दुसरा मुद्दा श्रेयाचा. माझे गद्धेगाळांचे (दान मोडणाऱ्याला शाप कोरलेल्या दगडांचे) फोटो एका पुस्तकात छापले, नाव नाही, विचारणं नाही. त्यानंतर मी कित्येक वर्षं कुणाला काही दिलं नाही. माझ्यासारखे बरेच आहेत, त्यांच्या डिस्का याच कारणानं बंद आहेत. ऋचा, त्यावर काय?

निपाणीची_ऋचा

सर, तुम्हाला राग येणं साहजिक आहे. परवाना स्पष्ट लिहिलेला नसेल तर चांगल्या माणसाला वापरता येत नाही आणि दुसरा न विचारता वापरतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘बाय’ परवाना लावला तर कुणीही वापरू शकतं, पण नाव देणं बंधनकारक. डीओआयच्या पानावर तुमचं नाव, तारीख आणि परवाना तिन्ही कायम राहतात. कुणी नाव गाळलं तर आधी तुम्ही प्रसिद्ध केलंय हे दाखवायला पुरावा हातात असतो. डिस्क बंद ठेवून तो मिळत नाही. आणि तक्त्यात ‘फोटो कुणी काढला’, ‘माहिती कुणी सांगितली’, ‘लेख कुणी वाचला’ हे वेगवेगळे रकाने ठेवू. वाट दाखवणारा गुराखी असेल तर, त्याची हरकत नसेल तर, त्याचंही नाव.

चिकोडीचे_मास्तर

गुराख्याचं नाव यायला हवं, हे फार आवडलं. माझी डिस्क घेऊन खडेबाजारांकडे येतो. त्यात नुडीच्या फायलीही आहेत.

घटप्रभा

ऋचाताई, एक नोंद भरून बघितली, चुकलं तर सांगा:

क्रमांक: हुक्के-००१. प्रकार: वीरगळ. गाव: चारही नावं वेगळ्या रकान्यात. जागा: मारुतीच्या देवळामागं, चिंचेखाली, तोंड उगवतीला. उंची ९२ सेंमी, रुंदी ४१, जमिनीत किती ते माहीत नाही. दगड: काळा. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला वीर आणि दोन गाई. मधल्या चौकटीत त्याला दोन बायका धरून वर नेताना. वरती पिंडीची पूजा, चंद्र-सूर्य. उजवा कोपरा फुटलेला. लेख नाही. परवानगी: पुजाऱ्यांना विचारलं, फोटो चालतील म्हणाले. फोटो: पुढून, मागून, दोन्ही बाजू.

निपाणीची_ऋचा

दादा, उत्तम. तीन गोष्टी घाला. नोंदीची तारीख राहिली. ‘काळा दगड’ ठीक आहे, पण बेसॉल्ट की दुसरा कुठला हे कळेपर्यंत ‘काळा, प्रकार तपासायचा’ असं लिहा. आणि कोपरा आधीपासून फुटलेला की अलीकडे, हे पुजाऱ्यांना विचारा. गाई कोरल्यात म्हणजे गुरं सोडवताना पडलेला वीर असण्याची शक्यता मोठी. पण तो आपला अर्थ झाला, म्हणून ‘वर्णन’मध्ये न लिहिता ‘अभिप्राय’ या वेगळ्या रकान्यात लिहा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला डोळ्यांनी दिसलेलं आणि आपण लावलेलं वेगळं काढता येईल.

गावठाण

नेमक्या जागांची बंद फाइल कुणाकडे राहणार ते ठरलं की आमच्या गावच्या नोंदी मी देतो. एकाच माणसाकडे नको.

पलाशिका

मान्य. तिघांकडे ठेवू: एक बेळगावात, एक निपाणीत, एक तुमच्याकडे. दर सहा महिन्यांनी तिन्ही प्रती उघडून चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून संगणकानं काढलेला पडताळ्याचा आकडा) जुळवायचा, म्हणजे एखादी फाइल नकळत खराब झाली असेल तर कळेल. चारही नावांचे रकाने घातलेला कोरा तक्ता रविवारी इथंच टाकतो. पहिला संच खानापूर आणि हुक्केरी तालुक्यांतल्या वीरगळांचा करू. मास्तर, कन्नड रकाने तुमच्याकडे.